होल्डवर अडकलेला थर्मोस्टॅट: एडिसनमधल्या एका घराचं प्रकरण

न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं १९७०च्या दशकातलं दुमजली घर. बेसमेंटमध्ये गॅसवर चालणारी फर्नेस, तिथून पत्र्याच्या डक्टमधून गरम हवा खोल्याखोल्यांत जाते, उन्हाळ्यात त्याच डक्टमधून एसीची गार हवा. सगळ्या घराला मिळून थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाप्रमाणे फर्नेस आणि एसी चालू-बंद करणारं भिंतीवरचं उपकरण) एकच, खालच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये. घरात नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि ऑक्टोबर ते एप्रिल साताऱ्याहून येऊन राहणाऱ्या काकू, म्हणजे नवऱ्याच्या आई. तो आयटीत आहे आणि करोनापासून आठवड्यातले बरेच दिवस घरूनच काम करतो. ती हॉस्पिटलात नर्स. तिच्या आठवड्यात बारा-बारा तासांच्या तीन शिफ्ट, आणि त्या कुठल्या वारी येतील ते ठरलेलं नसतं.

घरांची ऊर्जा तपासणी हे माझं रोजचं काम. मला बोलावलं ते एका साध्या तक्रारीसाठी. जुना गोल थर्मोस्टॅट काढून सात दिवसांचं वेगवेगळं वेळापत्रक भरता येईल असा प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट बसवला, त्याला दोन हिवाळे झाले आणि गॅसचं बिल जागचं हललं नाही. खोक्यावर तर बचतीचं आश्वासन होतं.

पॅसेजमध्ये गेल्या गेल्या स्क्रीनवर दिसलं: ७२, आणि खाली बारीक अक्षरांत ‘होल्ड’. (तिथे सगळे फॅरनहाइटमध्येच बोलतात, म्हणून मीही तेच आकडे ठेवते. ७२ म्हणजे सुमारे २२ अंश सेल्सिअस.) होल्डचा अर्थ असा की आत वेळापत्रक काहीही भरलेलं असो, ते बाजूला ठेवून हाच आकडा धरून बसायचं. म्हणजे ज्या कामासाठी पैसे मोजले ते काम बंद ठेवून हे उपकरण दोन हिवाळे एका साध्या खटक्यासारखं वापरलं गेलं होतं.

अशी घरं मला कायम भेटतात, आणि ही काही एडिसनमधल्या देशी मंडळींची खासियत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९५ मध्ये प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटना ‘एनर्जी स्टार’चा, म्हणजे उपकरण ऊर्जा वाचवतं असं सांगणारा, शिक्का द्यायला सुरुवात केली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी तो बंद केला. यंत्रं बिघडत होती म्हणून नव्हे. प्रत्यक्ष घरांमध्ये अपेक्षित बचत सापडेना, कारण लोक वेळापत्रक भरतच नव्हते, किंवा होल्ड दाबून मोकळे होत होते. इंटरनेटला जोडलेल्या थर्मोस्टॅटसाठी २०१७ मध्ये शिक्का परत आला, तेव्हा घराघरांतून गोळा झालेल्या वापराच्या नोंदींवरून बचत दाखवून देण्याची अट त्याला जोडली गेली. माझ्या मते हा धडा महागाचा असला तरी योग्य होता. गॅस वाचतो तो घरातल्या माणसांच्या दिवसाला जुळणाऱ्या वेळापत्रकामुळे. यंत्र फक्त ते वेळापत्रक न विसरता पाळतं.

होल्ड कोणी दाबलं?

तो म्हणाला, “आईला थंडी वाजते, म्हणून.” काकू म्हणाल्या, “मी कशाला हात लावतेय त्या डबीला? मी नुसतं म्हटलं, आठ वाजले की पायांना गार लागतं. शाल घेतली तरी बोटं आखडतात, वाती वळता येत नाहीत.”

मी होल्ड काढून आतलं वेळापत्रक उघडलं. कारखान्यातून भरून आलेलंच होतं, एका आकड्याचाही बदल नव्हता: सकाळी ६ वाजता ७०, ८ वाजता ६२, संध्याकाळी ६ वाजता ७०, रात्री १० वाजता ६२. एनर्जी स्टारच्या काळापासून असंख्य थर्मोस्टॅटमध्ये हेच चार टप्पे भरलेले असतात. सकाळी आठला सगळं घर कुलूप लावून बाहेर पडतं आणि संध्याकाळी सहाला परततं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. या घरात सकाळी आठनंतर काकू असतात, वरच्या खोलीत त्यांचा मुलगा मीटिंगमध्ये असतो, आणि रात्रपाळी करून आलेली सून झोपलेली असते. म्हणजे रिकामं घर समजून ६२वर आणलेल्या घरात तीन माणसं थंडीत बसत होती. अशा वेळी होल्ड दाबणं अगदी साहजिक होतं. चूक त्या वेळापत्रकाची होती.

६२चा प्रश्न नुसता कुडकुडण्याचा नाही. वय झालेल्या माणसाचं शरीर उष्णता नीट धरून ठेवू शकत नाही आणि थंडी वाजतेय हे लवकर कळवतही नाही. अमेरिकेची वार्धक्यविषयक राष्ट्रीय संस्था म्हाताऱ्या माणसांच्या घरात तापमान किमान ६८ ठेवायला सांगते. ६० ते ६५ इतक्या माफक थंड घरातसुद्धा त्यांच्या शरीराचं तापमान धोकादायक उतरू शकतं, असा इशारा ती देते. त्यामुळे काकू घरात असेपर्यंत ६८च्या खाली उतरायचं नाही, ही पहिली अट मी वहीत लिहिली. बाकी सगळी बचत त्या अटीच्या आत शोधायची.

मग ७२ तरी का लागत होते? ७० सुखाचे का नव्हते? याचं उत्तर थर्मोस्टॅटजवळ सापडलं नाही, काकूंच्या खोलीत सापडलं. गरम हवेचा व्हेंट जमिनीत, खिडकीखाली. त्याच्यावर साताऱ्याहून आलेल्या दोन मोठ्या बॅगा आडव्या ठेवलेल्या, वरून चादर अंथरलेली, त्यावर औषधांचा डबा आणि पोथी. टेबलाची उत्तम सोय झाली होती. बॅगा उचलल्या तर जाळीची पट्टीही अर्धी मिटलेली. खोलीत येणारी हवा बॅगांच्या खाली अडकत होती आणि त्या खोलीला ६८पर्यंत पोचवण्यासाठी सगळ्या घराला ७२पर्यंत तापवावं लागत होतं. बॅगा गराजमध्ये गेल्या, पोथीला घडीचं टेबल आलं, जाळी पूर्ण उघडली. तासाभराने हातातल्या तापमापकावर त्या खोलीतला आणि पॅसेजमधला फरक एका अंशाच्या आत आला होता. खर्च शून्य. हे नसतं केलं तर पुढचं कुठलंही वेळापत्रक आठवड्याभरात पुन्हा होल्डवर गेलं असतं.

परत तापवायला जास्त गॅस जळतो का?

वेळापत्रकाला बसण्याआधी एक वाद मिटवावा लागला. काकूंच्या मुलाचं म्हणणं असं की रात्री घर गार होऊ दिलं तर सकाळी ते परत तापवायला वाचवलेल्यापेक्षा जास्तच गॅस जळतो, मग खालीवर करायचंच कशाला. ही समजूत फार खोल रुजलेली आहे, इंजिनिअर लोकांतसुद्धा.

काकूंना मी भोक पडलेल्या बादलीचं उदाहरण दिलं. बादली काठोकाठ भरलेली असली की धार जोरात, अर्धी असली की मंद. रात्रभर काठोकाठ ठेवायची तर रात्रभर जोराने गळणारं पाणी भरत राहायचं. अर्ध्यावर येऊ दिली तर सकाळी अर्धी बादली ओतावी लागते खरी, पण मधल्या वेळात गळती कमी झालेली असते आणि तेवढं पाणी वाचलेलं असतं. काकूंना एका वाक्यात पटलं. मुलाला आकडे हवे होते.

तर आकडे. घराबाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. जानेवारीत तिथलं सरासरी तापमान ३२च्या, म्हणजे गोठणबिंदूच्या आसपास असतं. आत ७० असेल तर फरक ३८ अंशांचा. रोज आठ तास आत ६२ ठेवलं तर त्या वेळेपुरता फरक ८ने कमी झाला. ८ भागिले ३८, गुणिले दिवसाचा तिसरा हिस्सा: साधारण ७ टक्के. घर गार व्हायला वेळ घेतं, म्हणून प्रत्यक्षात याहून थोडं कमी. अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं की रोज आठ तास ७ ते १० अंश खाली ठेवलं तर घर तापवण्या-थंड करण्याच्या वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. ‘पर्यंत’ हा शब्द तिथे महत्त्वाचा, कारण बाहेर किती थंडी आहे आणि घर किती गळकं आहे यावर सगळं अवलंबून आहे.

दुसरी समजूत: लवकर गरम व्हावं म्हणून ८०वर फिरवणं. या घरातली फर्नेस एकाच जोमाने चालते, चालू किंवा बंद. ८० केलं तरी ७० व्हायला तेवढाच वेळ लागतो, फक्त ७०वर ती थांबत नाही. घरी आल्यावर मुलं हे हमखास करायची. त्यांना समजावून झालं, शिवाय वर-खालीच्या बटणांना मर्यादा घालता येते ती ७२ची घातली.

आता या घराचं गणित. ६८ची अट पाळायची तर ७ टक्क्यांची चैन परवडणारी नव्हती. ठरलं ते असं: पहाटे ५ ते रात्री ११ पर्यंत ७०, आणि रात्री ११ ते ५ पर्यंत ६८. आधी चोवीस तास ७२ होतं. अठरा तास २ अंश आणि सहा तास ४ अंश कमी, म्हणजे दिवसाची सरासरी अडीच अंशांची घट. बाहेर ३२ धरलं तर आधीचा फरक ४० अंशांचा. अडीच भागिले चाळीस, सहा टक्क्यांच्या थोडं वर. एकही माणूस न कुडकुडता सहा टक्के, हे मला खोक्यावरच्या आश्वासनापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

मुलाने एक पर्याय सुचवला होता: रात्री घर ६५वर न्यायचं आणि आईच्या खोलीत तेलाचा विजेवरचा हीटर लावायचा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. हिशोब केला. रात्रीच्या सहा तासांत आणखी ३ अंश कमी केले तर दिवसाच्या गॅसमध्ये २ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. कडाक्याच्या दिवशी ५ थर्म (गॅसच्या बिलावरचं माप) गॅस जळतो असं धरलं तर ०.१ थर्म, विजेच्या भाषेत ३ युनिटांहून थोडं कमी, कारण १ थर्म म्हणजे २९.३ युनिट. हीटर सर्वांत खालच्या ६०० वॅटच्या खटक्यावर सहा तास चालला तर साडेतीन युनिट स्वतःच खातो, आणि तिथे विजेपासून मिळणारी उष्णता गॅसच्या दुपटीहून महाग पडते. शिवाय म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाजवळ, पांघरुणांच्या शेजारी रात्रभर हीटर. तो पर्याय तिथेच सोडला.

भिंतीमागच्या तारा

ठरलेलं वेळापत्रक आधी जुन्याच उपकरणात भरून महिनाभर चालवायला सांगितलं. नवीन वस्तू घ्यायची घाई मला आवडत नाही. आधी माणसांचं बस्तान बसू द्यावं. महिन्याने होल्ड एकदाही दाबलेलं नव्हतं, पण एक तक्रार उरली: संध्याकाळी वरच्या खोल्या गार पडतात. वेळ नेमकी सहा ते आठची. पॅसेजची ती भिंत स्वयंपाकघराला लागून आहे. काकू भाकऱ्या करायला लागल्या, तवा तापला, शेजारी कुकर चढला की पॅसेजमधला थर्मोस्टॅट ७४ दाखवायचा आणि फर्नेस बंद. वरच्या मजल्यावर मुलं स्वेटर घालून अभ्यासाला.

यावर दुसऱ्या खोलीत ठेवता येईल अशा सेन्सरसह येणारा थर्मोस्टॅट घ्यायचं ठरलं. तो वायफायवर चालतो, त्यामुळे त्याला सतत वीज लागते, नुसत्या बॅटरीवर भागत नाही. इथे ‘सी’ (कॉमन) तारेचा, म्हणजे थर्मोस्टॅटला सतत वीज मिळावी म्हणून परतीची वाट देणाऱ्या तारेचा प्रश्न येतो, आणि स्वतः थर्मोस्टॅट बसवणारे बहुतेक जण इथेच अडतात.

बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी लाल पट्टीचा खटका होता, तो आधी बंद केला. ही पायरी कोणी वगळू नये. थर्मोस्टॅटच्या तारांत २४ व्होल्टच असतात, जिवाला धोका नाही, पण वीज चालू असताना वीज आणणारी ‘आर’ची तार ‘सी’ला नुसती टेकली तरी फर्नेसच्या बोर्डावरचा फ्यूज उडतो. काकूंच्या मुलाने पहिल्यांदा थर्मोस्टॅट बसवला तेव्हा तोच फ्यूज उडाला होता. गाडीत असतो तसला छोटा जांभळा ३ अँपिअरचा फ्यूज. ऐन थंडीत फर्नेस बंद, मेकॅनिकला बोलावून तो बदलून घ्यावा लागला.

झाकण काढलं. चार तारा जोडलेल्या: लाल ‘आर’ला (वीज), पांढरी ‘डब्ल्यू’ला (गरम करण्याची आज्ञा), पिवळी ‘वाय’ला (एसीचा कॉम्प्रेसर), हिरवी ‘जी’ला (पंखा). पाचवी निळी तार केबलभोवती गुंडाळून मागे सारलेली, तांबं उघडं केलेलंच नाही. मोठा दिलासा. खाली फर्नेसचा दरवाजा काढून पाहिलं तर त्या टोकालाही ती तशीच गुंडाळलेली. दोन्हीकडे सोलून ‘सी’च्या स्क्रूखाली घट्ट केली. तारांचा रंग हा नुसता रिवाज आहे. फर्नेसच्या बोर्डावर कुठली तार कुठल्या अक्षराला आहे ते डोळ्यांनी पाहून, फोनवर फोटो काढून मगच हात लावावा. आणि भिंतीत जाड, टोप्यांनी जोडलेल्या तारा दिसल्या तर तिथेच थांबावं. ते १२० किंवा २४० व्होल्ट असतात, विजेच्या बेसबोर्ड हीटरचे, आणि हे उपकरण त्यावर चालत नाही.

तारा येतात ते भिंतीतलं भोक अंगठ्याएवढं होतं आणि त्यातून हाताला गार झुळूक लागत होती. भिंतीच्या पोकळीतली ही हवा थर्मोस्टॅटच्या पाठीवर येते आणि त्याला घर आहे त्यापेक्षा गार भासतं. चिमूटभर पुट्टीने भोक बुजवलं. माहितीपत्रकांत ही गोष्ट बहुधा एका ओळीत उरकलेली असते, पण मी प्रत्येक घरात ती पाहते.

पुढे सेटअप. दोन गोष्टींवर वेळ घालवला. एक म्हणजे फर्नेसचा प्रकार. बाहेर जाणारी धुराची नळी धातूची होती, पांढरी पीव्हीसीची नव्हती, म्हणजे ही ९० टक्क्यांच्या खालच्या कार्यक्षमतेची. बऱ्याच थर्मोस्टॅटमध्ये अशा फर्नेसला तासाला ५ फेऱ्या (पेटून बंद होण्याच्या) आणि ९०च्या वरच्या फर्नेसला ३ फेऱ्या असं भरायचं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे आगाऊ सुरुवात. हे चालू असेल तर ‘५ वाजता ७०’ याचा अर्थ ‘५ला घर ७०वर आलेलं असावं’ असा होतो. घर तापायला किती वेळ लागतो हे यंत्र काही दिवसांत शिकतं आणि त्या मानाने आधी फर्नेस पेटवतं. मुलाने काकूंसाठी सवयीने ४ची वेळ भरली होती, ती ५ केली. नाहीतर काकू उठायच्या कितीतरी आधी फर्नेस धडधडत राहिली असती.

सेन्सर वरच्या बोळात ठेवला, उन्हापासून आणि व्हेंटपासून दूर. संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळेत सेन्सरचं ऐकायचं, बाकी वेळ दोन्हींची सरासरी. शिफ्टचा प्रश्न सुनेने स्वतः सोडवला. नवा महिना लागला की रात्रपाळीच्या दिवसांना ती फोनवरून दुपारच्या झोपेचा टप्पा आपल्या सोयीने भरते. ठरलेलं आणि बदलतं यांची वाटणी झाली, की कोणालाच होल्ड दाबावंसं वाटत नाही.

काकूंना मी एकच बटण शिकवलं. वर दाबलं की तापमान वाढतं, आणि पुढचा टप्पा आला की यंत्र आपोआप वेळापत्रकावर परततं. त्याला तात्पुरता होल्ड म्हणतात. कायमचा होल्ड वेगळ्या मेनूत आहे, तिथे जायचं नाही. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात ते बटण असलं पाहिजे, याबद्दल मी ठाम आहे. ज्याला थंडी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बाधते त्याला थर्मोस्टॅटला हात लावायची भीती वाटत असेल, तर ते वेळापत्रक त्या घराचं नव्हे.

बिल वाचायची रीत

नुसते दोन महिन्यांचे डॉलर शेजारी ठेवून काही कळत नाही, दर बदलतात आणि थंडीही बदलते. बिलावर थर्म दिलेले असतात. त्यांना त्या काळातल्या ‘हीटिंग डिग्री डे’ने भागायचं. दिवसाचं सरासरी तापमान ६५पेक्षा जेवढे अंश खाली, तेवढे त्या दिवसाचे डिग्री डे. ३२ सरासरीचा दिवस असेल तर ३३. स्वयंपाक आणि आंघोळीच्या पाण्याचा गॅस उन्हाळ्याच्या बिलावरून ओळखून आधी वजा करायचा. या घराचा डिग्री डेमागचा गॅस पहिल्या हिवाळ्यात उतरला, माझ्या सहा टक्क्यांच्या हिशोबापेक्षा थोडा कमी, पण त्याच वाटेने. सुनेने पुढच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आहे.

एप्रिलमध्ये काकू परत गेल्या. पुढच्या शरद ऋतूत त्या येईपर्यंतचे थंडीचे दिवस वेगळ्या वेळापत्रकावर चालतात, त्यात रात्रीचे ६२ बसतात. घर बंद करून सगळे गावाला गेले तर ५५च्या खाली उतरायचं नाही, नळ गोठण्याचा धोका असतो.

गराजच्या खणात जुना गोल थर्मोस्टॅट अजून होता, १९५३मध्ये बाजारात आलेल्या आणि हेन्री ड्रायफस यांनी घडवलेल्या त्या प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅटच्या जातीचा. आत काचेच्या नळीत पाऱ्याचा थेंब. तिरका केला की पारा एका टोकाकडून दुसरीकडे घरंगळतो आणि दोन तारा जोडतो. अशा एका नळीत ग्रॅममध्ये मोजण्याइतका पारा असतो, म्हणून तो कचऱ्यात टाकायचा नाही. घातक कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर काच न फोडता, पिशवीत घालून नेऊन दिला.

आता फर्नेस म्हातारी झाली आहे आणि तिच्या जागी हीट पंप (एसीसारखंच, पण उलटं चालून बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं यंत्र) बसवायचा विचार घरात चालू आहे. तसं झालं तर हे वेळापत्रक पुन्हा लिहावं लागेल. हीट पंप सावकाश तापवतो. रात्री ६-८ अंश उतरवून सकाळी एकदम चढवायला सांगितलं तर तो मदतीला विजेची कॉइल पेटवतो आणि रात्रीची बचत सकाळी अर्ध्या तासात उडून जाते. तिथे रात्री दोनेक अंशांवर थांबावं लागतं. आणि भिंतीतली केबल पाच तारांची आहे. बाहेरच्या युनिटमधली, गरम-गार यांची उलटपालट करणारी झडप आणि ती कॉइल धरून त्या हीट पंपाला सहा तारा लागतील. म्हणून मी आताच सांगून ठेवलं आहे की फर्नेस काढायला माणसं येतील त्याच दिवशी बेसमेंटपासून पॅसेजपर्यंत आठ तारांची केबल ओढून घ्या.